डीपीचा सूर आणि वानरांनी नेलेला पंचम

आमचे हे बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे जेवता जेवता भाचा जेव्हा म्हणाला, "मावशी, रामटेकच्या बाजूला सात कॅश लपवल्या आहेत, शोधायला येते काय?" तेव्हा ह्यांनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "कोणाच्या? पोलिसांत कळवलं का?"

तर आधी तेवढं सांगून टाकते. ही कॅश म्हणजे जिओकॅश. कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. आपण फोनवरच्या जीपीएसने तिथवर पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या चिमुकल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस नाही, की काही नाही. काही डब्यांचे आकडे सरळ दिलेले नसतात, कोडं सोडवल्यावर हाती येतात. नकाशावर अशा डब्यांना प्रश्नचिन्ह असतं, आणि ते प्रश्नचिन्ह मुद्दाम भलत्याच जागी असतं. आमच्या भाच्याने पहिल्या खेपेला नेमकं तिथेच जाऊन अर्धा तास तुरीत घालवला होता. आयटीत आहे तो.

ही ट्रेल म्हणजे अशाच सात कोड्यांची माळ आहे: सा, रे, ग, म, प, ध, नि. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत एक आकडा लिहिलेला. सातही आकडे जमले की आठवा डबा उघडतो, त्याचं नाव तार षड्ज, म्हणजे वरचा सा. नगरधनच्या किल्ल्याच्या बाहेरच्या रस्त्यापासून सुरुवात, मग धानाच्या बांध्यांमधून रामटेककडे, आणि शेवट खिंडसी तलावाच्या अंगाला. सगळं मिळून साधारण चौदा किलोमीटर, दुचाकीने आरामात. किल्ल्याच्या आत किंवा जंगलाच्या हद्दीत एकही डबा नाही, हे फार बरं केलं आहे. कोडी घरी बसून सोडवायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या, डबे शोधायला दोन रविवार. दुसरा रविवार का लागला, ते पुढे येईल.

मी छब्बीस वर्षं घरी गाण्याचे वर्ग घेते. कोडी सोडवणं हा माझा प्रांत नाही, रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडंसुद्धा मी अर्धं टाकते. पण भाच्याने पहिलं पान वाचून दाखवलं, त्यात श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, होत्या, आणि मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. बावीस श्रुती सात स्वरांत कशा वाटल्या जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा सा पाच मिनिटांत सुटतो. ज्याला नाही, त्याला वाचून समजण्याइतकं पानावर दिलेलंच आहे. सुरुवातीचा डबा असाच हवा, कुणालाही दारातून परत न पाठवणारा.

रे मात्र फुसका. तालांची नावं द्यायची आणि मात्रा विचारायच्या. तीनतालाच्या सोळा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात हे माझ्याकडचं पहिल्या परीक्षेला बसणारं पोरही झोपेत सांगतं, आणि ज्याला येत नाही तो फोनला विचारतो. फोनला विचारून जे दहा सेकंदांत मिळतं त्याला कोडं का म्हणायचं?

ग ची तीच गत. गायकांच्या जन्मतारखा शोधा, आकडे जोडा. इथे तर मला हळहळच वाटली. यादीत आपले वसंतराव देशपांडे आहेत. मूर्तिजापूरचा जन्म, नागपुरात वाढलेले. आमच्या सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. जन्मतारीख २ मे १९२०. आणि हा डबे शोधण्याचा खेळ मुळात सुरू झाला तो २ मे २००० मुळे! तोवर अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवत असे. त्या रात्री त्यांनी ती चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. ऐंशी वर्षांच्या अंतराने तीच तारीख. ट्रेल करणारा नागपूरचा, गाण्यातला, या खेळातला, आणि वसंतरावांची तारीख स्वतःच्या हाताने पानावर लिहूनही त्याच्या हे लक्षात आलं नाही. त्यावर केवढं सुंदर कोडं रचता आलं असतं! त्याने काय केलं, तर दिवस आणि महिन्याची बेरीज मागितली.

इथवर मी भाच्याला म्हणत होते की ही सामान्यज्ञानाची परीक्षा आहे, हिला संगीत म्हणू नये. मग म आला.

म च्या पानावर एकही प्रश्न नाही. फक्त आवाजाची एक फीत, दोन-सव्वादोन मिनिटांची. तीन तंबोरे, एकामागून एक. खाली एकच ओळ: पहिली तार कोणाची?

गाण्यातल्या माणसांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन षड्जाच्या, म्हणजे सा च्या असतात, त्यातली शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. पहिली तार रागाप्रमाणे बदलते. एरवी ती पंचमात लावतात. मालकंसासारख्या रागात पंचमच नाही, मग मध्यमात लावतात. मारव्याला निषादात. म्हणजे तिन्ही तंबोरे ऐकून प्रत्येकाची पहिली तार ओळखायची आणि तिचा स्वर सातांत कितवा तो आकडा घ्यायचा. क्रम मी सांगणार नाही. या खेळात उत्तर फोडणं म्हणजे पंगतीत दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्यासारखं आहे, असं भाच्याने मला बजावलं आहे.

भाच्याने काय केलं, तर फोनवर सूर ओळखणारं एक अॅप उघडलं. अॅपने तिन्ही तंबोऱ्यांना पंचम ठरवलं. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा पंचम. "मावशी, तिन्ही सेमच आहेत, फाइल चुकली असेल," म्हणाला.

फाइल चुकली नव्हती. खर्जाची तार छेडली की तिच्यातून नुसता खर्ज येत नाही, त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे, पाचपटीचे नादही तिच्यातूनच निघतात. तिप्पट म्हणजे वरचा पंचम. पाचपट म्हणजे गांधार, तोच तो तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार, ज्याच्यासाठी आमचे गुरुजी घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत अर्धा तास घालवत आणि आम्ही मुली चुळबुळ करत बसत असू. तंबोरा चांगला जुळला असेल तर हे वरचे नाद मूळ तारेपेक्षा ठळक होतात. तिन्ही तंबोऱ्यांत षड्जाच्या तारा आहेत, म्हणून तिन्हींत पंचम आहे. अॅपला तोच सापडत होता. ते खोटं बोलत नव्हतं, पण पहिल्या तारेबद्दलही बोलत नव्हतं.

मी डोळे मिटून तीनदा ऐकलं. मध्यमातला तंबोरा मला पहिल्यांदाच कळला, निषादाच्या वेळी मात्र दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, हे कबूल करते. मग आतून माझा तंबोरा आणला आणि भाच्याला पहिली तार पंचमातून मध्यमात उतरवून दाखवली. खुंटी फिरत असताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो पाच वर्षं गिटार वाजवतो. "आई गं," एवढंच म्हणाला. फक्त या एका कोड्यासाठी मी या ट्रेलला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. ज्याने ही फीत केली त्याने ओळखलं होतं की लोक यंत्र लावतील, आणि यंत्र कुठे फसेल हेही त्याला पक्कं माहीत होतं. एक सूचना करते, फीत घरीच उतरवून घ्या. नगरधनच्या पुढे नेटवर्क येतं-जातं.

म चा डबाही मजेचा आहे, बासरीच्या बांबूचं कांडं. कुठे आहे ते विचारू नका, पण हवेच्या दिवशी जा.

ध च्या कोड्यात घोळ आहे. एका रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर विचारला आहे. राग सांगत नाही, त्याच्यासारखं दुसरं उदाहरण देते. दुर्गेचा वादी कुणी मध्यम मानतात, कुणी धैवत. दोन्ही बाजूंना घराणी, दोन्ही बाजूंना पुस्तकं. इथेही तसंच. मी माझ्या गुरुजींनी शिकवलेलं उत्तर घातलं, ट्रेलवाल्याने त्याच्या पुस्तकातलं धरलं होतं. फरक दोनाचा. दोन म्हणजे किती, तर अक्षांशाच्या आकड्यांत मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, दशांशानंतर तीन स्थळं असतात. तिसऱ्या स्थळी एकाचा फरक पडला तर जमिनीवर जेमतेम १.८५ मीटर, पण पहिल्या स्थळी एकाला १८५ मीटर. आमचा फरक पहिल्या स्थळी होता. ३७० मीटर चुकून आम्ही तिघं कुणाच्या तरी हरभऱ्यात उभे.

तिथे एक आजोबा आले, मागून दोन तरुण पोरं. "काय शोधून राहिले बाई?"

भाच्याने उत्साहात सांगितलं, "कॅश आहे इथे, लपवलेली."

झालं. आजोबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शहरातून आलेली तीन माणसं, हातात फोन, त्यातली एक बाई डोळे मिटून कानाला काहीतरी लावून बसलेली. "गुप्तधन गिन काही नाही इथं," आजोबा शांतपणे म्हणाले, "मांगच्या साली बी आले होते लोकं. खड्डे करून गेले." त्या शब्दाला आपल्याकडे काय काय चिकटलेलं आहे ते मी वेगळं सांगायला नको. ह्यांनी पुढे होऊन ओळखपत्र दाखवलं, बँकेचं, जुनं. त्याने का कुणास ठाऊक, काम झालं. मग मी सारा खेळ समजावला. जमीन खणून डबा पुरायचा नाही हा या खेळाचा नियमच आहे, हे सांगितल्यावर आजोबा जरा सैलावले. शेवटी त्यांच्याच नातवाने वाट दाखवली.

ट्रेल करणाऱ्याला माझी खरी तक्रार ही आहे. सगळी पानं इंग्रजीत. डब्यात जी "हा खेळ आहे, घाबरू नका" अशी चिठ्ठी ठेवलेली असते, तीही इंग्रजीत. ती चिठ्ठी कुणासाठी असते? डबा चुकून ज्या गुराख्याच्या हाती पडेल त्याच्यासाठीच ना? मराठीत चार ओळी लिहायला काय झालं होतं? आणि लपवण्याआधी ज्यांच्या बांधाला डबा लागून आहे त्यांच्या कानावर एकदा घातलं असतं, तर आमचे हरभऱ्यातले ते वीस मिनिटं टळले असते.

पण ध चा डबा सापडला आणि मी निम्मा राग गिळला. पानावर इशारा होता, "वादी धरा". मला वाटलं, तोच प्रश्न पुन्हा. जागेवर पोचलो तर काटेरी तारेच्या कुंपणाच्या खांबाला चामड्याची एक वादी गुंडाळलेली, तबल्याची असते तशी, आणि तिच्यात अडकवलेला तबल्याचा लाकडी गट्टा. आतून पोखरलेला! पोकळीत बोटभर कागदाची गुंडाळी. वादी धरली आणि डबा हातात आला. कुंपणाच्या त्याच खांबाजवळून आम्ही दोनदा गेलो होतो. अशी कोटी फक्त मराठीतच होऊ शकते, आणि तरीही पान इंग्रजीत, काय म्हणावं.

आता नि. याच्यासाठी दुसरा रविवार गेला.

नि चं कोडं घरी सुटतच नाही. पानावर सांगितलेल्या जागी जायचं, तिथे शेतातली डीपी आहे, रस्त्यावरच उभं राहून ऐकायचं आणि ती कोणत्या पट्टीत बोलते ते ओळखायचं. पट्टीचा आकडा पुढे वापरायचा. डीपी म्हणजे शेतीपंपांचा ट्रान्सफॉर्मर, आपल्याकडे सगळे डीपीच म्हणतात. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, पण आतला लोखंडी गाभा प्रत्येक फेरीत दोनदा आखडतो-सैलावतो, म्हणून तिचा घुंsss आवाज सेकंदाला १०० कंपनांचा असतो. तो पेटीवर कोणत्या पट्टीजवळ येतो ते तुम्हीच बघा. बायकांच्या पट्टीत शोधू नका, बरंच खाली जावं लागेल.

आम्ही पोचलो तर डीपी मुकी. अजिबात आवाज नाही. भाचा म्हणतो, "मावशी, तुझे कान." मी म्हटलं, माझे कान ठीक आहेत, तुझी लाईन गेली आहे. पलीकडच्या बांधीत एक बाई मिरच्या तोडत होत्या, त्यांना विचारलं. "ह्या हप्त्यात लाईन रातची हाय," त्या म्हणाल्या, "पुढच्या हप्त्यात दिवसाची येते." शेतीच्या विजेच्या पाळ्या. शहरात बसून डब्याला अवघडपणाचे पाचातले चार गुण देणाऱ्याने हे पानावर लिहायला हवं होतं. रात्री साप-विंचवाच्या बांधावर जाऊन निषाद शोधायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या रविवारी डीपी बोलत होती. मी चिमुकली सुरपेटी नेली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून सूर लावला, हुंकार धरला, जुळवला. पेटीच्या पट्टीपेक्षा डीपी किंचित चढी आहे, हेही लक्षात आलं. छब्बीस वर्षं पोरींना "तंबोऱ्यात मिसळा" म्हणून सांगते आहे, डीपीत मिसळायची वेळ पहिल्यांदाच आली. मिरचीवाल्या बाई त्या दिवशीही होत्या. त्यांनी हात थांबवून ऐकलं आणि विचारलं, "भजन म्हणता काय?" मग तुकडोजी महाराजांचं एक म्हटलं त्यांच्यासाठी. त्यांनी विळ्याच्या मुठीने डब्यावर ठेका धरला. खंजिरीची आठवण यावी असा.

डबा डीपीजवळ नाही, तिथून बराच दूर, हे चांगलं आहे. तरी लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात धरा, मुलं कोडी लवकर विसरतात आणि डीपीकडे धावतात.

प चं सांगायचं राहिलं. प आम्हाला मिळालाच नाही. अंबाळा तलावाकडच्या वाटेवर जागा अचूक सापडली, पिंपळाला दोरी होती, दोरीचं टोक कुरतडलेलं आणि वर सहा वानरं, अगदी निर्विकार. रामटेकला जाऊन प्लास्टिकचा पारदर्शक डबा फांदीला बांधायचा म्हणजे काय! वेबसाइटवर पाहिलं तर आमच्या आधी तिघांनी "सापडला नाही" असं नोंदवलेलं, आणि मालकाचं उत्तर नाही. डबे लपवले की त्यांची निगा राखायची असते. हे गाणं शिकवण्यासारखंच आहे, सुरुवात सगळेच करतात.

प नाही म्हणजे त्याचा आकडा नाही, म्हणजे आठवा डबा नाही. भाचा म्हणाला, दहाच शक्यता आहेत, दहाही ठिकाणी जाऊ. पंचमाचा आकडा रेखांशाच्या पहिल्या स्थळी होता, म्हणजे दोन शक्यतांत पावणेदोनशे मीटरचं अंतर, आणि नकाशावर ठिपके टाकले तर त्यातले चार खिंडसीच्या पाण्यात. मी पान पुन्हा वाचलं. वर एक वाक्य होतं, सा आणि प कधी भांडत नाहीत. भाच्याने ते शोभेचं समजून सोडून दिलं होतं. मी म्हटलं, षड्ज-पंचमाचा संवाद, दोघेही अचल, कोमल-तीव्र न होणारे. सा च्या झाकणावर जो आकडा, तोच प च्या असणार.

हे इतका वेळ शिंगाडे सोलत होते. म्हणाले, "खाली सातही आकड्यांची बेरीज दिली आहे ना ताळा बघायला?"

दिली होती.

"मग सहा नोंदी आहेत, टोटल आहे. तूट काढायला गायनाचार्य कशाला लागतो?"

त्यांनी वजाबाकी केली. उत्तर माझंच आलं, हे मी इथे नोंदवून ठेवते.

आठवा डबा काय आहे, कुठे आहे, काही सांगत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पोचलात तर चांगलं. वहीत आमच्या आधी अकरा नावं होती. भाच्याने त्यांच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी आद्याक्षरं लिहिली, मी माझं नाव लिहिलं. ह्यांनी खाली स्वच्छ बँकेच्या अक्षरात लिहिलं, "कॅश मिळाली. मोजून घेतली." आणि सही केली.

पाचात साडेतीन देते. म आणि नि साठी पूर्ण पाच, ध च्या गट्ट्यासाठी चार, रे-ग साठी दोनसुद्धा जास्त. खर्च फक्त पेट्रोलचा आणि शिंगाड्यांचा. वेबसाइटचं फुकट खातं पुरतं, पण फोनवरचं अॅप फुकटात सगळे डबे दाखवत नाही, तेव्हा पानं घरूनच उघडून ठेवा. धानाची कापणी झाल्यावर जा, त्याआधी बांधांवर चिखल असतो. डीपीसाठी त्या आठवड्यात दिवसाची लाईन आहे का ते गावात विचारून घ्या. आणि स्वतःचं पेन न्या, गट्ट्यात कागद मावला आहे, पेन मावलेलं नाही.